शब्दांची पेरणी : अडेलतट्टू माणसे आणि गाठाळ प्रश्न

मंडळी, प्रत्येक गावात एक तरी असामी अशी असते, की तिच्यापुढे पंचांनी हात टेकलेले असतात. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! आपण अशा माणसाला हट्टी, हेकट, आडमुठा, अडेलतट्टू म्हणतो. इंग्रजांच्या गावातही अशी माणसे कमी नव्हती. त्यांच्यासाठी त्यांनी जे शब्द घडवले, त्यांतले कितीतरी गोठ्यातून आणि शेतातूनच आले आहेत. आज त्यांचीच ओळख करून घेऊ. मुलामुलींनी वही घेऊन बसावे, थोरांनी नुसते ऐकले तरी चालेल.

पहिला शब्द 'बॉक'. स्पेलिंग बी-ए-एल-के, पण यातल्या 'एल'चा उच्चार करीत नाहीत. जुन्या इंग्रजीत बॉक म्हणजे दोन तासांमध्ये नांगर न लागता राहिलेली जमिनीची पट्टी. नांगरताना अशी पट्टी सुटली की तिला बॉक म्हणत. पुढे वाटेत आडवे येणारे काहीही बॉक झाले, आणि चालता चालता मध्येच थबकून पाय न उचलणारा घोडा 'बॉक' करतो असे म्हणू लागले. आपला अडेलतट्टू तो हाच. आज एखादा माणूस ऐन वेळी सही करायला कचरला, तरी हेच क्रियापद वापरतात.

त्याचाच भाऊबंद 'रेस्टिव्ह'. मुळात हा शब्द जागचा न हलणाऱ्या घोड्यासाठी होता. पण जागच्या जागी अडलेला घोडा मान झटकतो, पाय आपटतो. त्यावरून आज या शब्दाचा अर्थ बेचैन, चुळबुळ करणारा असा झाला आहे. 'रेस्ट' म्हणजे विश्रांती हे ठाऊक असलेली मुले इथे हमखास फसतात. लक्षात ठेवा, रेस्टिव्ह माणूस विश्रांती घेत नसतो.

आता एक भारदस्त शब्द, 'रिकॅल्सिट्रंट'. दिसायला अवघड, पण आत लाथ लपलेली आहे. लॅटिनमध्ये टाचेला 'काल्क्स' म्हणतात. टाच झाडून लाथ मारणारा तो रिकॅल्सिट्रंट. धार काढताना चरवी उडवणारी गाय डोळ्यांसमोर आणा, म्हणजे शब्द विसरणार नाही. कुणाचेही न जुमानणाऱ्या माणसाला हा शब्द लावतात. शेतकऱ्याने तो लक्षात ठेवायला आणखी एक कारण आहे. १९७३ साली ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने बियांचे दोन वर्ग सांगितले. ज्वारी, गहू, हरभरा यांचे बी वाळवून ठेवले की टिकते, ते 'ऑर्थोडॉक्स', म्हणजे रीतीने वागणारे. आंब्याची कोय, फणसाची आठळी, कोको यांचे बी वाळवले की मरते, ते 'रिकॅल्सिट्रंट'. म्हणून कोय सुकू न देता ताजी असतानाच लावायची असते. बियाण्याच्या इंग्रजी पुस्तकात हा शब्द भेटला, तर बी खराब आहे असे समजू नये. त्याला वाळवण सोसत नाही, एवढेच.

चौथा शब्द 'रिफ्रॅक्टरी', आणि तो थोडा जपून शिकायचा आहे. कुणाचे न ऐकणारा, असा त्याचा मूळ अर्थ. भट्टीच्या आतून ज्या विटा लावतात, त्या कितीही आच लागली तरी वितळत नाहीत. त्यांनाही रिफ्रॅक्टरी विटा म्हणतात. हाच शब्द दवाखान्याच्या कागदावर येतो तेव्हा घरचे लोक घाबरतात. समजा, फिट येणाऱ्या मुलाच्या कागदावर 'रिफ्रॅक्टरी' असे लिहिले आहे. त्याचा अर्थ मूल हट्टी आहे असा नाही, आणि आता काही उपाय उरला नाही असाही नाही. योग्य अशी दोन औषधे नीट देऊनही फिट आटोक्यात आल्या नाहीत, एवढेच डॉक्टर सांगत असतात. हट्टी आहे तो रोग, रोगी नव्हे. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करू नये. मेंदूविकाराच्या तज्ज्ञाकडे कोणते दुसरे उपचार आहेत, ते विचारावे.

हट्टाला चांगली बाजूही असते. 'टिनेशस' म्हणजे धरलेले न सोडणारा, चिवट. 'डॉग्ड' म्हणजे कुत्र्यासारखा माग न सोडणारा. हे दोन्ही शब्द बहुधा कौतुकाचे. 'ऑब्स्टिनेट' आणि 'पिग-हेडेड' मात्र दूषणाचे. गंमत अशी, की गुण तोच, पण तो कोणाचा यावर शब्द ठरतो. बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाने १९४८ साली बीबीसी रेडिओवर ही गंमत नेमकी पकडली होती. आपण स्वतः असतो ठाम, समोरचा असतो हट्टी, आणि जो हजर नाही तो डुक्करडोक्या! बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना वेगवेगळे विचारून पाहा, प्रत्येक जण हेच सांगेल.

माणसांवरून आता प्रश्नांकडे वळू. लाकडात गाठ असली की रंधा अडतो. म्हणून किचकट प्रश्नाला 'नॉटी प्रॉब्लेम' म्हणतात. खोडकर मुलाला लावतात तो 'नॉटी' निराळा. या नॉटीच्या आरंभी न उच्चारायचा 'के' असतो. 'गॉर्डियन नॉट' ही तर प्रसिद्ध गाठ, आणि ती होती बैलगाडीची! आजच्या तुर्कस्थानात फ्रिजिया नावाचा देश होता. गॉर्डियस नावाचा गरीब शेतकरी बैलगाडीतून आला आणि तिथला राजा झाला, अशी कथा आहे. त्या गाडीचे जू अशा गाठीने बांधलेले होते, की तिचे टोकच सापडेना. जो ती सोडवील तो आशियाचा स्वामी होईल, अशी भविष्यवाणी होती. इसवी सनापूर्वी ३३३ साली सिकंदर तिथे आला आणि त्याने तलवारीने गाठ तोडली, असे सांगतात. दुसरी हकीकत अशी, की त्याने दांडीतली खीळ काढली, आणि गाठ आपोआप सैल झाली. ही दुसरी युक्ती मला शेतकऱ्याची वाटते. दोरही वाचतो, जूही.

'डिलेमा' म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. इंग्रज त्याला दोन शिंगे लावतात. एक चुकवावे तर दुसरे लागते.

शेवटचा शब्द 'विकेड प्रॉब्लेम', म्हणजे खट प्रश्न. १९७३ मध्येच हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी प्रश्नांचे 'टेम' म्हणजे माणसाळलेले आणि 'विकेड' म्हणजे खट, असे दोन प्रकार मांडले. पंप बिघडला, हा माणसाळलेला प्रश्न. दुरुस्त केला की संपला. शिवारातले पाणी खोल गेले, हा खट प्रश्न. एकाने बोअर खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटते, मग तोही खोल जातो. प्रत्येक उपाय नवा प्रश्न घेऊन येतो. इथे एकट्याची तलवार चालत नाही. साऱ्या शिवाराने मिळून खीळ शोधावी लागते. आणि ती शोधायला बसताना एकमेकांना पिग-हेडेड म्हणायचे नसते.

पुढच्या खेपेला बाजारहाटाचे आणि मोजमापाचे शब्द पाहू. तोवर मुलांनी आजच्या शब्दांपैकी कोणतेही तीन वापरून वाक्ये करावीत. मात्र आजोबांवर करू नयेत!