आहाराचा तक्ता देण्याआधी खेळाडूंना काय ठाऊक आहे ते तपासा



शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की खेळाडूंच्या आहाराचा विषय निघतो आणि एखादे व्याख्यान, भिंतीवरचा तक्ता नाहीतर प्रोटीन पावडरचा डबा एवढ्यावर मिटतो. त्याआधी एक काम व्हायला हवे. आपल्या जिल्ह्यातील मुलामुलींना खाण्यापिण्याविषयी नेमके काय ठाऊक आहे, याची रीतसर चाचणी घ्यायला हवी. उंची, वजन, धावण्याची वेळ आपण नोंदवतो. ही माहिती मात्र कुणी विचारतही नाही. ज्या धाराशिवने अर्जुन पुरस्कारप्राप्त सारिका काळे आणि २०२५ च्या विश्वविजेत्या संघातील अश्विनी शिंदे यांच्यासारख्या खो-खोपटू दिल्या, तिथे हे काम सुरू व्हावे यात वावगे काही नाही.

पहिला आक्षेप उघड आहे आणि तो गंभीर आहे. जिथे पोटभर मिळत नाही तिथे ज्ञान कसले मोजता? २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका काळे यांनीच सांगितले होते की, जवळपास दहा वर्षे त्यांना दिवसातून एकच वेळ जेवण मिळत होते. शाळेतला पोषण आहारही आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. नववीपासून, म्हणजे सराव खरा वाढतो तेव्हाच, ते ताट बंद होते. पण चाचणी हवी ती याचसाठी. घरात शेंगदाणे आणि फुटाणे आहेत, पण सरावानंतर ते खाल्ले पाहिजेत हे मुलीला माहीत नाही, ही एक अडचण. दूध हवे हे तिला पक्के माहीत आहे, पण भूमकडच्या तिच्या घरातले दूध खव्याच्या भट्टीला जाते, ही दुसरी. पहिलीला समजावून सांगणे पुरते, दुसरीला पैसे लागतात. दोन्हींवर व्याख्यान हाच उतारा देत राहिलो, तर गरिबीचा दोष अज्ञानाच्या माथी जातो, आणि तो अन्याय आहे. म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे ‘ठाऊक आहे का’ आणि ‘मिळते का’ असे दोन रकाने हवेत.

प्रश्न कोणते, हे अधिक महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये खेळाडूंसाठी ८९ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, पुढे तिची छोटी आवृत्तीही काढली. तिची शिस्त घ्यावी, पण तिचे नुसते भाषांतर इथे चालणार नाही. आपल्याकडचा प्रश्न ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी यांचाच असला पाहिजे. सकाळी सहाचा सराव उपाशीपोटी करावा का? जेवणावर लगेच चहा घेतल्याने अन्नातले लोह अंगी लागते की वाया जाते? पाणी तहान लागल्यावरच प्यावे का? ऐन स्पर्धांच्या दिवसांत नवरात्र येते. तुळजापूरच्या या जिल्ह्यात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या मुली मैदानातही उतरतात. उपवास सोड, असे त्यांना सांगण्याचे कारण नाही. साबुदाण्यावर भागवण्यापेक्षा राजगिरा, भगर, दूध, शेंगदाणे का बरे, हे त्यांना कळते का, ते पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. खाणे कमी आणि पळणे जास्त झाले की पाळी चुकते, हाडे कमजोर होतात. याला ‘सरावाचा ताण’ म्हणून सोडून देणारा प्रशिक्षक मुलीचे नुकसान करतो. तेव्हा ही चाचणी प्रशिक्षक आणि क्रीडाशिक्षकांनीही दिली पाहिजे. मुले ऐकतात ती त्यांचेच.

माहिती असून माणसे तसे वागत नाहीत, हा दुसरा आक्षेप. तो बराचसा खरा आहे. ज्ञान आणि प्रत्यक्ष आहार यांचा संबंध असतो, पण तो कच्चा असतो, असेच आजवरच्या अभ्यासांच्या आढाव्यांतून दिसते. म्हणूनच चाचणीसोबत आदल्या दिवशी काय खाल्ले याची नोंद आणि हिमोग्लोबिनची तपासणी असावी. पण अज्ञानाची किंमत काही ठिकाणी थेट मोजावी लागते. वजनी गटात बसण्यासाठी पाणी तोडणे, घाम काढणे हे कुस्तीत सर्रास चालते. १९९७ मध्ये अमेरिकेत याच प्रकारात महाविद्यालयीन तीन मल्ल दगावले. तालमीतल्या दूध-तूप-बदामाच्या खुराकाला मी नावे ठेवत नाही, तो पिढ्यांच्या अनुभवातून आला आहे. पण जोर-बैठका काढणाऱ्या मल्लाचा खुराक पंचेचाळीस किलोच्या खो-खोपटूला जसाच्या तसा सांगणे चूक आहे. आणि डब्यातल्या पावडरीत बंदी असलेले द्रव्य निघाले, तर जबाबदारी खेळाडूवरच येते. मला माहीत नव्हते, ही सबब उत्तेजकविरोधी नियमांत सुटकेसाठी पुरत नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. धाराशिव हा केंद्राचा आकांक्षित जिल्हा असून आरोग्य आणि पोषण हा त्या कार्यक्रमाचाच भाग आहे. जिल्हा क्रीडा कार्यालय, शिक्षण विभाग आणि आरोग्य विभाग यांनी मिळून मराठीत एक छोटी प्रश्नपत्रिका करावी आणि यंदाच्या तालुका स्पर्धांच्या नोंदणीवेळीच ती प्रत्येक खेळाडूकडून सोडवून घ्यावी. निकाल नावांशिवाय, तालुकावार जाहीर करावेत. आणि ‘मिळत नाही’ या रकान्यात ज्यांच्या खुणा जास्त असतील, त्या नववी ते बारावीच्या खेळाडूंसाठी सरावानंतरचा अल्पोपाहार जिल्हा नियोजन समितीने मंजूर करावा, ही विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, धाराशिव