गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा

मोहल्ल्यातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मोबाइलचोरीत किंवा मारामारीत सापडला, की घरात दोन धावपळी सुरू होतात. एक जामिनाची, दुसरी अब्रू झाकण्याची. या दुसऱ्या धावपळीत बरंच काही लपवलं जातं. मुलगा नशा करत होता, रात्ररात्र जागत होता, हातावर ब्लेड ओढत होता. अब्बूंना वाटतं, हे सांगितलं तर केस आणखी बिघडेल. अम्मीला वाटतं, नजर लागली आहे, तावीजानं उतरेल.

ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकलं जातं ते अल्प्राझोलाम, चिंताविकारावरचं औषध. रोजची सवय लागल्यावर ती अचानक बंद झाली, तर झोप उडते, अंग थरथरतं, कधी झटकेही येतात. हे निरीक्षणगृहातल्या पहिल्या काही दिवसांतच घडू शकतं. गोळीचं कुणी सांगितलेलंच नसेल, तर तिथे चिडलेला, थरथरणारा मुलगा फक्त ‘उद्धट’ ठरतो.

२०१५ चा बाल न्याय कायदा या मुलांकडे निव्वळ गुन्हेगार म्हणून पाहत नाही. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. परिविक्षा अधिकाऱ्यानं १५ दिवसांत त्याच्या घरची, परिस्थितीची चौकशी करून अहवाल द्यायचा असतो. हे अहवाल गोपनीय असतात. समुपदेशन आणि व्यसनमुक्ती यांची तरतूद कायद्यातच आहे. सोळा वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक क्षमतेचं प्राथमिक मूल्यमापन होतं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल, तर अशा वेळी तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

पण घरच्यांनी “मुलगा चांगला आहे, संगतीनं बिघडला” एवढंच सांगितलं, तर अहवालातही तेवढंच उतरतं.

पोलिसांविषयी आपल्या वस्त्यांत अविश्वास आहे आणि तो उगाच नाही. म्हणून आधी वकिलाशी बोला. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. गोळीचं, झोपेचं, जखमांचं मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. जुनी चिठ्ठी, औषधाची रिकामी पट्टी असेल तर सोबत न्या. संस्थेत समुपदेशक मिळत नसेल, तर वकिलामार्फत मंडळाकडे लेखी मागणी करा. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण घरातले पहिले शिकलेले. आधार कार्डापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे अर्ज तुम्हीच भरता. शेजारच्या घरावर असा प्रसंग आला, तर दार लावून घेऊ नका. त्या अम्मीसोबत मंडळाच्या कार्यालयात जा. तावीज बांधायचा असेल तर तिला बांधू द्या, पण गोळीचं नाव डॉक्टरांना सांगायला लावा.

आणि अजून कुणी पकडलं गेलेलं नसेल, तर फारच चांगलं. गल्लीतला एखादा मुलगा आज बिथरलेला दिसत असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्यासोबत बसून लावा.