एमबीपीएसच्या नावाखाली चाललेली लूट

घरात गेम अडकतो म्हणून शंभर एमबीपीएसचा प्लॅन सोडा आणि तीनशेचा घ्या, असा सल्ला देणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड. कॉल सेंटरमधून हा सल्ला रोज दिला जातो. दारात उभा राहिलेला नेटवाला तोच देतो, दुकानातला सेल्समन तोच देतो, आणि आईबाप पोराच्या कटकटीला कंटाळून दरमहा दोन-चारशे रुपये जास्त मोजतात. महिनाभरानं गेम तसाच अडकत असतो. मग खापर पोराच्या डोक्यावर फुटतं: एवढं महागाचं नेट घेऊन दिलं तरी याचं रडगाणं चालूच. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता याला गैरसमज म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ही लूट आहे.

शूटर गेम नेटवरून पाठवतो तरी काय? तुम्ही कुठं उभे आहात, कुठं बघताय, गोळी झाडली की नाही, एवढंच. चित्र तुमच्याच मशीनवर तयार होतं, ते सर्व्हरवरून येत नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. तरीही खेळताना लागणारा डेटा एक-दोन एमबीपीएसच्या आत भागतो. पन्नास जीबीचं अपडेट उतरवायचं असेल तर तीनशेचा प्लॅन कामाला येतो. गोळी वेळेवर पोचवायला येत नाही.

गेमला हवं असतं ते वेगळंच. पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो वेळ दर पॅकेटला किती बदलतो, तो जिटर. आणि वाटेतच जी गळतात ती लॉस. या तिघांत पिंगचंच कौतुक फार होतं, पण जीव घेतो तो जिटर. सतत साठ मिलिसेकंदांवर स्थिर असलेल्या पिंगवर माणूस नीट खेळू शकतो. १९९६ साली क्वेकवर्ल्डमध्ये जॉन कार्मॅकनं खेळाडूच्या हालचालीचा अंदाज त्याच्याच मशीनवर बांधायची सोय केली, तेव्हापासून गेम ही उशिराची भरपाई करत आले आहेत. पण पिंग पंधरावरून एकदम दोनशेवर उडी मारत असेल तर कुठलाच अंदाज लागू पडत नाही. समोरचा भिंतीआडून निघून तुम्हाला मारून गेलेला असतो आणि तुमच्या स्क्रीनवर तो अजून आलेलाच नसतो.

चिंचवडला नात्यातल्या एका घरी हेच चाललं होतं. चाळीस एमबीपीएसचं फायबर, अकरावीतला मुलगा, संध्याकाळी मित्रांबरोबर रँक्ड मॅच. 'काका, मी एन्ट्री घेतो तेव्हाच नेमका लॅग मारतो,' तो म्हणत होता. घरातल्यांचं म्हणणं, हा हरला की नेटवर ढकलतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन स्पीड टेस्ट करून गेला होता. 'साहेब, स्पीड तर पूर्ण येतोय,' असं सांगून त्यानं तक्रार बंद केली होती. मी लॅपटॉपला केबल लावली, काळ्या खिडकीत सतत चालणारं पिंग सुरू केलं आणि मुलाच्या बहिणीला म्हटलं, तुझ्या फोनमधला सहलीचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढव. आठ, नऊ, आठ, नऊ अशा ओळी येत होत्या. अपलोड सुरू झालं आणि ओळी नव्वद, दोनशे चाळीस, तीनशे ऐंशीवर गेल्या. अपलोड थांबवलं, पुन्हा नऊ. आईनं हे तिथंच उभं राहून पाहिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. रोज संध्याकाळी वायफायवर आल्या आल्या वडिलांचा फोन दिवसभराचे फोटो आपोआप बॅकअपला टाकायचा आणि त्याच वेळी याची मॅच सुरू असायची.

या दुखण्याला नाव आहे, त्याचं कारण माहीत आहे आणि त्यावरचा इलाजही फुकट मिळतो. म्हणूनच माझा संताप होतो. मेमरी स्वस्त झाली तशी राउटर बनवणाऱ्यांनी त्यात भलेमोठे बफर भरले, कारण पॅकेट गळू न देणं म्हणजे चांगलं यंत्र अशी त्यांची समजूत. पण फाइल चढवणारा प्रोग्राम पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवतच राहतो. तीच त्याला थांबण्याची खूण असते. गळतच नाही म्हटल्यावर तो बफर काठोकाठ भरतो आणि गेमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. खंबाटकीच्या घाटात ट्रकांच्या रांगेमागे रुग्णवाहिका अडकावी, तसं. बेल लॅब्सच्या जिम गेटिस यांनी २०१० साली स्वतःच्याच घरच्या जोडणीवर हे पकडलं आणि त्याला बफरब्लोट म्हटलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रीत मांडली: रांग किती लांब आहे ते मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजा आणि वेळ वाढत चालला की वेळीच एखादं टाकून द्या. त्याच वर्षी ती लिनक्समध्ये आली. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी तिची एफक्यू-कोडेल ही आवृत्ती २०१८ साली इंटरनेटच्या अधिकृत कागदपत्रांतही नोंदली गेली. केक नावाची तिची पुढची पायरीही त्याच वर्षी लिनक्समध्ये दाखल झाली. या सगळ्यामागे डेव्ह टॅट नावाचा माणूस वर्षानुवर्षं उभा होता. कंपन्यांच्या दारात जाऊन, भांडून, फुकट कोड देऊन त्यानं हे काम पुढं रेटलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्याचं काम जगभर फुकट पडून आहे, आणि आपल्या घरात कंपनी जो पांढरा डबा ठोकून जाते त्यात बहुतेक वेळा ते चालू नसतं.

आणि तो डबा तुमच्या हातात नसतो. पासवर्ड कंपनीकडे. आत जाता आलंच तर अर्धे पर्याय लपवलेले. चिंचवडला मी डब्याच्या मागे ओपनडब्ल्यूआरटी ही फुकट राउटर-प्रणाली चालणारा एक साधा राउटर जोडला, सगळ्या घराचं नेट त्याच्यातून घेतलं, प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर मर्यादा घातली आणि केक चालू केलं. मर्यादा घालायची ती यासाठी की रांग लागायचीच असेल तर ती कंपनीच्या मुक्या डब्यात न लागता आपल्या शहाण्या राउटरमध्ये लागावी. पुन्हा तोच व्हिडिओ चढवला. पिंग बाराच्या पुढे गेला नाही. चाळीसचा प्लॅन तसाच होता. आपण सहा एमबीपीएस जाणूनबुजून सोडून दिले, आणि मुलाला खेळता येऊ लागलं. अशी विक्री कुठल्या कंपनीला परवडेल? वेग कमी करून नेट सुधारतं हे ग्राहकाला कळलं, तर वरचे प्लॅन घेणार कोण?

आता वायफाय. इथं कंपनीइतकाच दोषी बिल्डर आहे आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. दीड-दोन हजार चौरस फुटांचा फ्लॅट बांधायचा, संगमरवर लावायचा, लॉबीत झुंबर टांगायचं, पण हॉलमधून बेडरूमपर्यंत एक रिकामी नेटवर्कची नळी भिंतीत टाकायची नाही. मग फायबर दारातून येतं आणि डबा जातो चपलांच्या कपाटावर, नाही तर टीव्ही युनिटच्या मागे. पोराची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला; मध्ये आरसीसीची भिंत, टाइल्स लावलेलं बाथरूम आणि लोखंडी कपाट. २.४ गिगाहर्ट्झ तिथपर्यंत पोचतं, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, आणि ती मजल्यावरच्या सगळ्या घरांत वाटलेली. वायफायवर प्रत्येक यंत्राला हवा मोकळी आहे का ते आधी ऐकावं लागतं. शेजारचा बोलत असेल तर थांबावं लागतं. गेमला नको असलेली वाट पाहणं इथं पद्धतीतच बसवलेलं आहे. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण ते दोन भिंतींतच दम टाकतं. दूरसंचार नियामक ट्रायनं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम काढले. घर घेताना स्विमिंग पूल बघणाऱ्यांनी ते मानांकनही मागावं, म्हणजे बिल्डरच्या खिशाला कळ लागेल.

तोवर उपाय एकच, आणि तो कुणालाही आवडत नाही: केबल ओढा. कॅट-६ची, शुद्ध तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नका. छताच्या कडेनं केसिंग-पट्टी मारून ती नेटकी नेता येते. इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करून देतो. वीस मीटर केबलला जे पैसे लागतात ते वाढीव प्लॅनच्या दोन-तीन महिन्यांत वसूल होतात. भिंत खराब दिसेल म्हणून नको म्हणणाऱ्या घरात हजारो रुपयांचं मेश आणलेलं मी बघतो. त्यातला दुसरा डबाही पहिल्याशी हवेतूनच बोलतो, म्हणजे वाट पाहणं दोनदा. फोनवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनाही केबलची मनाई नाही. पुष्कळ अँड्रॉइड फोनना टाइप-सीचा लॅन ॲडॉप्टर चालतो. तो नको असेल तर राउटर ज्या खोलीत आहे त्याच खोलीत बसा आणि फोन ५ गिगाहर्ट्झला जोडा.

आठ अँटेना आणि लाल दिवे लावून 'गेमिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या राउटरबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. बफरची रांग आवरण्याची सोय त्यात आहे का, एवढं विचारा. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही तर दुकानातून बाहेर पडा. डीएनएस बदला म्हणजे पिंग उतरेल असं सांगणारे व्हिडिओ तद्दन खोटे आहेत. डीएनएस सर्व्हरचा पत्ता शोधून देतं आणि बाजूला होतं; मॅचमधली पॅकेटं त्याच्याकडे फिरकतही नाहीत. फोनमधली 'पिंग बूस्टर' ॲपं तर आजच काढून टाका.

अंतराची गोष्ट मात्र खरी आहे आणि ती कुणाच्या बापाला टळत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्याला एक मिलिसेकंद. नुसत्या अंतराच्या हिशेबानं पुण्याहून मुंबईचा सर्व्हर दीड-दोन मिलिसेकंदांवर आहे, नागपूरहून आठ-दहावर. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर, तेव्हा चाळिशीच्या खाली कधीच येणार नाही. म्हणूनच नागपूरच्या पोराला मुंबईच्या सर्व्हरवर नव्वदचा पिंग दिसत असेल, तर त्यानं तो निमूट सोसू नये. त्याची पॅकेटं भलत्याच गावाला वळसा घालून येतायत. कंपनीनं स्वस्तातली वाट घेतली आहे, आणि ट्रेसरूट चालवलं की तो वळसा ओळीनं समोर दिसतो.

सरकारनं काय केलं? २००६ च्या नियमांत ट्रायनं १२० मिलिसेकंदांची मर्यादा घातली, पण ती कंपनीच्या स्वतःच्या केंद्रापासून पुढे. ग्राहकाच्या घरापासून नाही. २०२४ च्या नव्या नियमांत जिटरही मोजमापात आला, हे चांगलं झालं. तरी आजही जाहिरातीत, प्लॅनच्या पानावर, बिलावर एकच आकडा छापलेला असतो: वेगाचा. ई-स्पोर्ट्सला या देशात २०२२ च्या डिसेंबरमध्ये खेळ म्हणून मान्यता मिळाली. २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालताना त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला स्थान दिलं. खेळ म्हणता, तर मैदान सपाट आहे की नाही तेही बघा. लाइन भरलेली असताना पिंग किती, जिटर किती, रात्री नऊ ते अकरात किती, हे प्रत्येक प्लॅनशेजारी छापायची सक्ती झाली पाहिजे. आणि डब्याचा पासवर्ड, निदान ब्रिज मोड, म्हणजे राउटरचं काम आपल्या राउटरकडे सोपवायची सोय, ग्राहकानं मागताक्षणी मिळाला पाहिजे. सामायिक आयपीच्या मागे कोंबून ठेवायचं आणि त्यामुळे गेममध्ये 'स्ट्रिक्ट नॅट' आलं की स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे मागायचे, हाही धंदा बंद व्हायला हवा.

नियम येईपर्यंत पुरावा तुमच्या हातात ठेवा. दोन खिडक्या उघडा: एकीत राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल तर दुखणं तुमच्या वायफायमध्ये आहे. कंपनीला फोन करू नका, केबल ओढा. राउटर एकवर स्थिर, पण घरात कुणी काही चढवू-उतरवू लागलं की बाहेरचा आकडा फुगतो, तर ती बफरची रांग. वेगाला मर्यादा घाला. घरात सगळं बंद असूनही रोज रात्री नऊनंतर बाहेरचा आकडा फुगत असेल, तर कंपनीनं एका लाइनवर झेपतील त्याहून जास्त घरं कोंबली आहेत. मग आठवडाभर ते आकडे वेळेसकट साठवा, तक्रार करा, डॉकेट नंबर लिहून घ्या. 'स्पीड पूर्ण येतोय' असं म्हणून तक्रार बंद केली, तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जा. २०१२ च्या नियमांनुसार कंपन्यांना तो नेमावा लागतो आणि अपिलाला पैसे पडत नाहीत. अर्जात वेगाचा शब्दही काढू नका. पिंग, जिटर आणि लॉस एवढंच लिहा आणि रात्रीचे आकडे सोबत जोडा.