सातचा टोल सगळ्यांसाठी वाजवा



मागच्या महिन्यात या भिंतीवर 'मोबाइल शाप की वरदान' हे निबंध लागले होते. सहाजणांनी लिहिले होते आणि सहाहीजणांनी शेवटी 'अति तेथे माती' असे लिहिले होते. त्यात माझाही निबंध होता. पण तो लिहिताना मी एक गोष्ट लपवली होती. ती आज लिहिते. बाईंना आधी सांगितली आहे. बाई म्हणाल्या, लिही, कुणी हसणार नाही. हसले तरी मी लिहिणार आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर मी दोन दिवस शाळेत आले नव्हते. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा माझ्या गालावर डाग होता. सगळ्यांनी विचारले. मी सांगितले की गांधीलमाशी चावली. ते खोटे होते.

झाले असे, की मामाच्या लग्नात एक बाई आईला म्हणाल्या, "थोरली उजळ हाय, ही मात्र आजीच्या रंगावर गेली." आई हसली. मी पण हसले. पण मला ते रात्री झोपताना आठवले. मग घरी आल्यावर मी अप्पांचा मोबाइल घेतला आणि शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसले. तिथे कुणी येत नाही. गोरे व्हायचा उपाय, असे मी नुसते बोलले, आणि व्हिडिओ आपोआप आले. एक संपला की दुसरा. एक बाई सांगत होत्या की लिंबू आणि खायचा सोडा कालवून लावा, सात दिवसांत फरक पाहा. लिंबू आमच्या परड्यातच आहे. मी लावले आणि वाळावे म्हणून उन्हात शेळ्यांमागे गेले.

आग आग झाली. आधी लाल झाले, मग फोड आले. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी मलम दिले. त्या म्हणाल्या, लिंबाचा रस लावून उन्हात गेले की कातडी भाजल्यासारखी होते आणि नंतर तिथे काळे पडते. म्हणजे गोरी व्हायला गेले आणि होते त्यापेक्षा काळी झाले! सिस्टरांनी विचारले, "तुला कुणी सांगितलं गं हे?" मी म्हणाले, "मोबाइलनं." त्या म्हणाल्या, "घरात कुणाला विचारायचं नाही का?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "घरातले पण मोबाइलातच होते."

आई खाली बघू लागली. मला वाईट वाटले. पण ते खरे होते. त्या दिवशी आई मालिका बघत होती, अप्पा कुस्त्या बघत होते, ताई मैत्रिणीशी टाइप करत होती आणि धाकट्याला कार्टून लावून दिल्याशिवाय तो घास घेत नाही. फक्त आजी मोकळी होती, तिला डोळ्याने दिसत नाही.

आता माझे मत सांगते. मुले बघितलेले करतात, हे काही मोबाइल आल्यावर सुरू झालेले नाही. आजी सांगते की १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाले, तेव्हा आमचे अप्पाच कडब्याच्या गंजीवर चढून गोल फिरले आणि खाली उडी मारली. अजून त्यांच्या हनुवटीला खूण आहे. (अप्पा, रागवू नका, आजीने सांगितले.) पण तेव्हा वाडीत एकाच घरी टी.व्ही. होता आणि सगळी वाडी एकत्र बसून बघायची. त्यामुळे पोरे गंजीवर का चढतात हे लगेच सगळ्यांना कळले. शिवाय शक्तिमान स्वतः शेवटी येऊन मुलांना चांगल्या सवयीच्या गोष्टी समजावून सांगायचा. लिंबूवाल्या बाईंनी मला उन्हात जाऊ नको एवढेसुद्धा सांगितले नाही. आणि मी गोठ्यात काय बघते हे फक्त शेळ्यांना माहीत होते.

मी गुरुजींना विचारले, यावर कायदा नाही का? गुरुजी म्हणाले, पुष्कळ आहेत. सिनेमासाठी १९५२ चा कायदा आहे. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर कागद दिसतो तो त्याचाच. 'ए' असेल तर तो फक्त मोठ्यांसाठी. २०२३ साली त्या कायद्यात बदल झाला आणि 'यूए' सिनेमाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले. आजोबा म्हणतात, जत्रेतल्या तंबूत असला कागद कोण बघत होते, पुढे जागा मिळाली की बस. जाहिरातींचेही नियम आहेत. सावळ्या माणसाला कमी लेखणारी जाहिरात करू नये, असे जाहिरातवाल्यांच्या परिषदेने २०१४ साली ठरवले. हे ऐकून मला फार बरे वाटले. पण लिंबूवाल्या बाईंचा व्हिडिओ त्या बघा म्हणतात तशी जाहिरात नव्हती. त्या कुणी कंपनी नव्हत्या, आपल्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. नियमाच्या चाळणीतून असे बारीक बारीक खाली पडते.

ऑस्ट्रेलिया देशात तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. मला त्यातली एक गोष्ट आवडली. मूल सापडले तर दंड मुलाला नाही आणि आईबापालाही नाही. कंपनीने मुलांना अडवायची व्यवस्था केली नाही तर दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मी तो आकडा फळ्यावर लिहून बघितला. ज्याने जत्रेत वाईट माल विकला त्याला पकडायचे, ज्याने खाल्ला त्याला नाही. हे बरोबर आहे.

आपल्या महाराष्ट्रातही गावांनी नियम केले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद, असा ठराव केला. त्या गावाला मुलांची काळजी वाटली म्हणूनच केला असणार. पण मला विचाराल तर हा नियम माझ्यावर चालला नसता. मी तेव्हाही लपूनच बघत होते. नियम असता तर गोठ्याऐवजी उसात जाऊन बसले असते. आणि गाल भाजल्यावर भीतीने सिस्टरांनाही खोटेच सांगितले असते.

मला सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव आवडले. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरी टी.व्ही. बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. दीड तास मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात नाहीतर बोलतात. आधी काही पुरुष हसले म्हणे. पण बायकांच्या बैठकीत बायकांनी स्वतःच कबूल केले की आम्ही मालिका फार बघतो, बंद करायचे तर सगळ्या गावानेच करायचे. मला या बायका फार शूर वाटतात. पोरे बिघडली असे म्हणणे सोपे असते, आम्ही फार बघतो म्हणणे अवघड. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसे आणि आशाताई घरोघर सांगत फिरल्या.

हे मी घरी सांगितले तर अप्पा म्हणाले, "मला रातीची पाण्याची पाळी असती. लाइट कधी येईल त्याचा फोन येतो. बंद कसा ठेवू?" अप्पांचे खरे आहे. म्हणून मी असे म्हणते की फोन वाजला तर घ्या, बोला, खाली ठेवा. आपणहून उघडून बसू नका. ताई म्हणाली, तिच्या सरांचे धडे मोबाइलवर येतात. ते साडेआठनंतर बघता येतात, ते कुठे पळून जात नाहीत. आई काहीच म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने सातला टी.व्ही. लावला नाही. धाकटा रडून रडून दमला आणि शेवटी आजीच्या मांडीवर बसून भाकरी जेवला. आजीने त्याला कोल्ह्याची गोष्ट सांगितली, ती मीही ऐकली नव्हती. मग मी आईला विचारले, "मामाच्या लग्नात तू का हसलीस?" आई म्हणाली, "मला काय बोलावं सुचलं न्हाई बाळा. मला पण लहानपणी तसंच म्हणायचे." आईने हे मला आधी कधी सांगितले नव्हते.

असे आमच्या घरी आठ दिवस चालले. नंतर मोडले, कारण शेजारच्या घरातून मालिकेचा आवाज येतो आणि धाकटा तिकडे पळतो. एकट्या घराने होत नाही.

२६ जानेवारीला आपली ग्रामसभा आहे. त्यात मुलांना बोलता येत नसेल तर हा कागद कुणीतरी वाचावा. आपल्या देवळावर भोंगा नाही आणि नवीन घ्यायला पैसे लागतील, असे सरपंचकाका म्हणतील. तर शाळेचा टोल आहे. तो चिंचेला बांधलेला आहे आणि वाऱ्याची दिशा असली की खालच्या आळीपर्यंत ऐकू जातो. सातला आणि साडेआठला मी वाजवीन, आजोबा कंदील घेऊन सोबत येतो म्हणाले आहेत. दगडावर उभे राहिले की माझा हात पोचतो, मी बघितले आहे.

इयत्ता चौथी