मे महिन्यात शाळेचे फाटक उघडा

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके पडू लागतात. पोहण्याचा वर्ग, यंत्रमानव तयार करण्याचे शिबिर, हस्ताक्षर सुधारणा, व्यक्तिमत्त्व विकास अशी नाना आमिषे त्यांत असतात आणि पत्रकाच्या तळाशी, जरा बारीक अक्षरांत, शुल्क छापलेले असते. ही शिबिरे वाईट असतात असे मी म्हणणार नाही. त्यांतील काही उत्तम असतात. परंतु आमच्या वस्तीतील नववीच्या एका मुलाने मला जो प्रश्न विचारला, तो या पत्रकांत कोठेच नव्हता. तो म्हणाला, "सर, पैसे न भरता सुटीत काही शिकता येतं का?"

मी त्याला लगेच 'हो' म्हणालो. आम्ही पुण्यात राहतो, आणि उन्हाळ्यात सर्वांसाठी काहीतरी मांडून ठेवण्याची या शहराची रीत जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली येथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली. परीक्षा संपल्या आहेत, संध्याकाळी वारा सुटला आहे, अशा वेळी लोकांनी एकत्र जमावे आणि जाणत्या माणसांकडून चार नव्या गोष्टी ऐकाव्यात, ही त्यामागची कल्पना. दीडशे वर्षांनंतरही ती टिकून आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाशाची ओळख करून देत आली आहे. आयुका या संस्थेने शालेय विद्यार्थ्यांना सुटीत आठवडाभर शास्त्रज्ञांच्या सहवासात काम करण्याची संधी दिली. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता याच संस्थेत अनेक वर्षे होते, आणि त्या खेळण्यांच्या फिती मराठीतूनही कोणालाही विनामूल्य पाहता येतात. शिवाय वेताळ टेकडी आहे. तिला तिकीट लागत नाही.

त्या मुलाने हे सारे ऐकून घेतले आणि मग शांतपणे विचारले, "पण सर, तिथं जायला दोन बस बदलाव्या लागतात. धाकट्या भावाला घेऊन मी कसा जाऊ?"

या दुसऱ्या प्रश्नाने मला विचारात पाडले, आणि या लेखाचे कारणही तोच प्रश्न आहे. आपल्या शहरांतील विनामूल्य कार्यक्रम बहुधा शहराच्या मध्यभागी होतात. त्यांची बातमी ज्यांच्या घरी पोहोचते, तीच मुले तेथे पोहोचतात. दुसरे असे, की पोहोचलेली मुलेही पुष्कळदा नुसती गर्दी होऊन परततात. दुर्बिणीपुढे मोठी रांग लागते, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो, शनीची कडी 'पाहिली' म्हणून आनंद होतो आणि घरी जाईपर्यंत तो विरतो. पाहणे आणि निरीक्षण करणे यांत फरक आहे. निरीक्षणाला वेळ लागतो, वही लागते आणि चुकण्याची मोकळीक लागते.

मग आपल्याच गल्लीत, आपल्याच हातांनी करता येईल असा एखादा विज्ञानाचा कार्यक्रम आहे काय? आहे. निसर्गाने तो बरोबर मे महिन्यातच ठेवला आहे. त्याचे नाव शून्य सावलीचा दिवस.

'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते दोन प्रकारे चुकीचे आहे. पहिली गोष्ट, सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून फक्त दोनच दिवस येतो, आणि तोही कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान राहणाऱ्यांच्याच. दिल्लीकरांच्या डोक्यावर तो कधीच येत नाही. महाराष्ट्र मात्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत असताना तो ज्या दिवशी आपल्या गावाच्या अक्षांशाइतका उत्तरेला येतो, त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या काठीची सावली तिच्या पायाखाली जाते. पणजीला हे मेच्या आरंभी, २ किंवा ३ तारखेला घडते. कोल्हापूरला ६-७ मे, सोलापूरला १० मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २० मे आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास घडते. परतीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे आकाशात ढग असतात. म्हणजे खरी संधी मे महिन्याची, आणि नेमक्या त्याच महिन्यात आपल्या शाळांना कुलूप असते!

दुसरी चूक बाराची. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरील वेळ दाखवतात. पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, म्हणून मेच्या मध्यात येथील खरी मध्यान्ह १२ वाजून ३१ मिनिटांनी होते. मुंबईत ती १२ वाजून ३५ मिनिटांनी आणि नागपुरात १२ वाजून १० मिनिटांनी होते.

२०२३ च्या १४ मेला रविवार होता. त्या दिवशी वस्तीतल्या मुलांबरोबर हा प्रयोग करण्याचे मी ठरवले. जवळच्या शाळेचे मैदान सपाट आणि मोकळे आहे. ते दोन तासांसाठी मिळावे म्हणून विचारले, तर उत्तर मिळाले, "सुटीत फाटक उघडत नाही." शेवटी पाण्याच्या टाकीपुढच्या फरसबंदीवर आम्ही जमलो. साहित्य म्हणजे एक मीटर लांबीची सरळ काठी, ती उभी ठेवण्यासाठी वाळूने भरलेली बादली, काठी लंबरूप आहे हे पाहण्यासाठी दोऱ्याला बांधलेला दगड, खडू आणि मोजपट्टी. बादलीची स्वतःची सावली मध्ये येऊ नये म्हणून काठीची लांबी वाळूपासून वर मोजली, आणि सावली झेलण्यासाठी बादलीच्या काठावर पुठ्ठ्याची सपाट चकती बसवली. एकूण खर्च खडूच्या एका पेटीचा.

पंधरा-सोळा मुले आली. बरोबर बारा वाजता काठीची सावली मोजली, ती जवळजवळ १३ सेंटिमीटर भरली. दोन मुले लगेच म्हणाली, "बातमी खोटी आहे," आणि निघून गेली. उरलेली थांबली. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची असे ठरले होते. सव्वाबाराला सावली अर्ध्यावर आली. मग ती जणू काठीत शिरू लागली. साडेबाराला एक मुलगी ओरडली, "सर, ही बादली बघा, हिला सावलीच नाही!" सर्वांनी आपापल्या पायांकडे पाहिले. कुणी उडी मारून पाहिली, कुणी पाण्याचा तांब्या उभा केला. ती गंमत चार-पाच मिनिटे टिकली. नंतर सावली दुसऱ्या बाजूने, पूर्वेकडे, हळूच बाहेर आली.

एवढ्यावर थांबलो असतो, तर तीही नुसती गंमतच झाली असती. पण त्या मुलीचा मामेभाऊ नागपूरला राहतो. त्याला आदल्या दिवशीच दूरध्वनीवरून सांगून ठेवले होते, की गच्चीत एक मीटर उंचीची काठी उभी कर आणि १२ वाजून १० मिनिटांच्या आगेमागे सर्वांत आखूड सावली किती येते ते मोज. नागपूर पुण्याच्या उत्तरेला असल्याने तेथे त्या दिवशी सावली शून्य होणार नव्हती. त्याने कळवले, "पाच सेंटिमीटर."

आता पाहा, या एका आकड्यातून काय निघते. पुण्याहून नागपूर रस्त्याने सुमारे ७०० किलोमीटर आहे. पण आपल्याला हवे ते फक्त उत्तर-दक्षिण अंतर. नकाशात दोन्ही गावांतून आडव्या रेषा काढून, पट्टीने मोजून, नकाशाच्या प्रमाणावरून ते २९० किलोमीटर आले. सावली काठीच्या जितकी पट, तितकेच पट हे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या असते. कोन लहान असल्यामुळे हे गणित चालते. सावली काठीच्या विसाव्या हिश्श्याएवढी, म्हणून त्रिज्या २९० च्या वीस पट, म्हणजे ५,८०० किलोमीटर. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी एराटोस्थेनीसने इजिप्तमध्ये ज्या युक्तीने पृथ्वी मोजली, तीच ही युक्ती.

पुस्तकात पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर दिली आहे. मुले हिरमुसली. "आपलं चुकलं," असे सगळे म्हणू लागले. मी म्हटले, किती चुकले आणि का चुकले ते शोधू. एकाने गणित उलटे केले. उत्तर बरोबर येण्यासाठी सावली साडेचार सेंटिमीटरच्या जरा वर हवी होती. म्हणजे मोजमापात जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा फरक! मग सावलीच्या टोकाकडे नीट पाहिले, तेव्हा कळले की तिची कड स्वच्छ नसतेच. सूर्य हा बिंदू नाही, आपल्याला तो अर्ध्या अंशाची तबकडी म्हणून दिसतो. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीच्या टोकाशी जवळजवळ नऊ मिलिमीटरचा अंधुक पट्टा पडतो. नागपूरच्या मामेभावाने त्या पट्ट्याची बाहेरची कड धरली असावी. त्याची चूक त्याच्या आळसामुळे झाली नव्हती. तिचे कारण सूर्यातच होते.

माझ्या दीर्घ अध्यापनात मापनातील त्रुटी हा धडा मी अनेकदा शिकवला. तो इतका चांगला कधीच शिकवला गेला नाही. आणि त्यासाठी कुणाला एक पैसाही द्यावा लागला नाही. त्या दिवशी टाकीपुढे डॉक्टरांचा मुलगा होता, रखवालदाराची मुलगी होती आणि दोन बस बदलाव्या लागतात म्हणणारा तो नववीतला मुलगा धाकट्या भावाला घेऊन आला होता. सर्वांची सावली एकाच वेळी नाहीशी झाली. शुल्क घेणाऱ्या शिबिरांत ही मुले एकत्र येत नाहीत. माझ्या मते विनामूल्य सार्वजनिक कार्यक्रमाचे सर्वांत मोठे मोल हेच आहे, आणि म्हणूनच तो मोजक्या सभागृहांपुरता राहू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्याशी. सुटीत फाटक का उघडत नाही, याची कारणे मला ठाऊक आहेत. कुणाला लागले-खुपले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खोटा नाही. शिक्षकांनाही सुटी हवी असते आणि सुटीतही त्यांच्यामागे सरकारी कामे लागलेली असतात. म्हणून मी महिनाभर शाळा चालवा असे म्हणत नाही. एक दुपार आणि दोन संध्याकाळी, एवढेच मागतो. दुपार शून्य सावलीची. एक संध्याकाळ ताऱ्यांची, कारण मेमध्ये सप्तर्षी, स्वाती आणि चित्रा साध्या डोळ्यांनी दिसतात. दुसरी संध्याकाळ मुलांनी स्वतः केलेल्या वस्तू एकमेकांना दाखवण्याची. देखरेखीला पालकांपैकी दोघे-तिघे आनंदाने येतील. फक्त सूचना शाळेच्या फाटकावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, आठ दिवस आधी लावावी. ती दूरध्वनीवरच्या एखाद्या गटातच फिरत राहिली, तर ज्यांना तिची गरज आहे त्यांना ती कळणारच नाही.

उन्हाची काळजी मात्र घेतलीच पाहिजे. दुपारच्या प्रयोगाला टोपी, पायांत चप्पल आणि पिण्याचे पाणी हवे. दोन खुणांमधल्या वेळात मुलांनी सावलीत बसावे. आणि सूर्याकडे कोणीही, क्षणभरही, थेट पाहू नये. या प्रयोगात पाहायचे ते सर्व जमिनीवर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, फाटक उघडले नाही तरी तुम्ही थांबू नका. गच्ची आहे, अंगण आहे, देवळापुढची फरसबंदी आहे. आणखी एक काम सुचवतो. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असे वडीलधारी माणसे सांगतात. खरे की खोटे, ते कुणाच्या सांगण्यावर ठरवू नका. घराजवळच्या एका बहाव्याचा पहिला घोस कधी दिसला आणि पहिला चांगला पाऊस कधी पडला, या दोन तारखा वहीत लिहा. असे पाच-सहा उन्हाळे लिहा, शेजारच्या वस्तीतल्या मित्राकडूनही लिहून घ्या. मग तुमच्या मताला वजन येईल.

यंदा सुटीत मामाच्या गावाला जाणार असाल, तर एक मीटरची दोरी बरोबर न्या. काठी तेथे मिळेल. जाण्यापूर्वी गावी राहणाऱ्या मित्राशी तारीख ठरवा आणि त्या दिवशी दोघांनी सावली मोजा. पृथ्वी केवढी आहे हे पुस्तकात छापलेलेच आहे. पण तुमच्या दोघांच्या काठ्यांनी ती केवढी भरते, हे अजून कोणी लिहिलेले नाही.