‘मॅनर लॉर्ड्स’मधलं गाव खरं वाटतं, पण तिथल्या विहिरीवर पाणी कोण भरतं?

मोर्शी, वरुड, चांदूर बाजार या पट्ट्यात फिरलात तर एखाद्या तरी गावात पडायला आलेली गढी दिसते. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यात अर्धा ढासळलेला बुरुज. गावाचा शेतसारा, धान्य, भांडणतंटे सगळं एकेकाळी तिथून चालायचं. युरोपात अशा जहागिरीला ‘मॅनर’ म्हणायचे. म्हणजे सध्या गेमर मंडळींमध्ये ज्याची चर्चा संपता संपत नाही, त्या ‘मॅनर लॉर्ड्स’ या गेमचं नाव वऱ्हाडीत सांगायचं तर ‘गढीवाले’.

हा गेम २६ एप्रिल २०२४ ला आला, तोही ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये. म्हणजे काम अर्धवट असतानाच विक्रीला. बनवणारा मुख्यतः एकच माणूस, पोलंडचा ग्रेग स्टिचेन. तरीही पहिल्याच दिवशी १० लाख प्रती खपल्या, तीन आठवड्यांत आकडा २० लाखांवर गेला आणि स्टीमवर एका वेळी १ लाख ७३ हजार लोक हा गेम खेळत होते. मोठ्या कंपन्यांनाही हेवा वाटावा असे हे आकडे आहेत.

एवढं काय आहे त्यात?

चौदाव्या शतकाच्या शेवटचा जर्मनीतला फ्रँकोनिया प्रांत. तुमच्या हातात पाच कुटुंबं, थोडं धान्य आणि एक बैल. लाकडाचा ओंडका ओढायला तोच बैल, त्यामुळे एका वेळी दोन घरं काढलीत की दोन्ही रखडतात. ज्याच्या घरी बैलजोडी कमी पडते त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बाकीच्या शहर बांधायच्या गेममध्ये असते तशी चौकटींची जाळी इथे नाही. रस्ता वळेल तसं घर वळतं. घराचं तोंड रस्त्याला आणि मागे लांबलचक परसबाग. मध्ययुगीन युरोपीय गावांतले प्लॉट असेच असायचे. त्या परसात कोंबड्या पाळा, भाजी लावा, पुढे तिथेच चांभार किंवा शिंपी दुकान थाटतो. शेतात गहू, बार्ली आणि जवस. (आपण जवसाची चटणी करतो, ते त्याच्या धाग्याचं कापड विणतात.) एकाच शेतात दरवर्षी तेच पीक घेतलं की जमिनीचा कस उतरतो, म्हणून तुकडा पडीक ठेवावा लागतो. बटाटा आणि मका कुठेच नाही, कारण ही पिकं अमेरिकेतून युरोपात आली ती नंतर. उद्या कोणी तेराव्या शतकातल्या वऱ्हाडावर गेम काढला, तर त्यात संत्र्याची बाग आणि मिरचीचा ठेचा दोन्ही दाखवता येणार नाहीत. मिरचीच पोर्तुगीजांबरोबर आली.

माझ्या मते या गेमची सर्वात खरी गोष्ट आहे त्याची लढाई. तुमचं सैन्य म्हणजे तुमचेच शेतकरी. कापणीच्या वेळी त्यांना भाला देऊन पाठवलंत तर पीक उभं राहतं. ते मेले तर घरातला कर्ता माणूस गेला, पुढच्या वर्षी नांगर धरायला हात कमी.

आणि नेमकं इथेच अर्धवटपण उघडं पडतं.

नकाशावर तुमचा एक प्रतिस्पर्धी सरदार असतो. गेम आला तेव्हा हा गडी भराभर शेजारचे प्रदेश बळकावत सुटायचा, पण त्याच्या प्रदेशात जाऊन पाहिलं तर गावच नाही. घरं नाहीत, शेतं नाहीत, बैल नाही. मग त्याची फौज खाते काय? ती येते कुठून? तुम्ही एकेक शेतकरी जपायचा आणि समोरून हवेतून सैन्य यायचं. धनुर्धारी तर इतके कुचकामी होते की पुढच्या अपडेटमध्ये त्यांची ताकद वाढवावी लागली. सरदाराचा वेगही कमी करावा लागला.

गवताचं पातं, चिखलातली चाकोरी, छपराचा पेंढा हे सगळं पहिल्या दिवसापासून सुंदर होतं. अपुरे होते ते नियम. आणि इतिहास गवतात कमी, नियमांत जास्त असतो: धान्य कोणाचं, कर कोण घेतो, लढायला कोण जातं.

स्टिचेनने फसवलं असं मात्र म्हणता येणार नाही. गेम येण्याआधीच त्याने सांगितलं होतं की ही ‘टोटल वॉर’ची स्पर्धा नाही, हा मुळात गाव वसवण्याचा गेम आहे. जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या एका स्टुडिओच्या प्रमुखाने अपडेट संथ येतात अशी टीका केली, तेव्हा प्रकाशक ‘हूडेड हॉर्स’च्या टिम बेंडर यांनी उलट उत्तर दिलं की प्रत्येक गेमला न थांबणाऱ्या वाढीच्या चक्रात ढकलायची गरज नाही. मला बेंडर यांचं पटतं, पण अर्धंच. एका माणसाला पिळू नका हे बरोबर. मात्र विक्रीला येऊन वर्ष उलटलं तरी गेम ‘अर्ली ॲक्सेस’मध्येच राहिला आणि पैसे मात्र पहिल्या दिवशीच घेतले गेले होते, हेही तितकंच खरं.

आता विहिरीचं

गेममध्ये विहीर खणायची तर जमिनीखाली पाणी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. तिथे खणा, आसपासच्या सगळ्या घरांना पाणी मिळतं. सगळ्या.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आठवा. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान, आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच आहे. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथे राहत. त्यांच्या लीळांमध्ये एक अशी आहे की गावातल्या मातंगांना पाणी नव्हतं आणि त्यांनी विहिरीची जागा दाखवून दिली. म्हणजे गावात विहीर असणं आणि तिचं पाणी सगळ्यांना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ‘मॅनर लॉर्ड्स’चा विहिरीचा नियम जसाच्या तसा उचलून वऱ्हाडात आणला, तर घरं कितीही हुबेहूब मातीची काढा, गाव खोटंच ठरेल.

तसंच चांभाराचं. गेममध्ये तो बाजारात जोडे मांडतो. आपल्याकडे पुढच्या काळातल्या कागदपत्रांत दिसणाऱ्या बलुतेदारीत तो सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. बाजाराचा अख्खा नियमच बदलावा लागेल.

असा गेम बनवायला सामग्री नाही, असं कोणी म्हणू नये. लीळाचरित्रात माणसं काय खातात, कुठे उतरतात, कोणाशी कसं बोलतात हे आहे. ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले त्या जागा नोंदवल्या आहेत. फ्रँकोनियाच्या एखाद्या खेड्याबद्दल इतकं हाताशी असतं तर स्टिचेनने आनंदाने वापरलं असतं.

विकत घेणार असाल तर एकच. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळणं २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. पण या गेममध्ये पहिले दोन तास घरं बांधण्यात आणि बैलाची वाट पाहण्यात जातात, तो सरदार खुपायला लागतो त्यानंतर. म्हणून आधी अपडेटची यादी वाचा, नुकताच खेळलेल्या कोणाचा तरी व्हिडिओ पाहा, आणि मगच पैसे भरा.