चार हातोड्या, एक खिळा

आमच्या घरी ठोकायचा खिळा एक असतो आणि हातोड्या निघतात चार. एक वडिलांची, एक सासऱ्यांची, दोन ‘पहिल्या दोन सापडेनात’ म्हणून आणलेल्या! ‘असू दे, लागेल कधीतरी’ हा आमचा कुळधर्म.

कुणी म्हणेल, इंचाचा पाना वेगळा, मिलिमीटरचा वेगळा. कबूल! १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर डुगडुगतो नि त्याचे कोपरे खातो. ते दोन्ही ठेवा. पण १०-११चे पाच पाने कशाला?

खंडेनवमीला या सगळ्यांना हळदकुंकू. उरलेले ३६४ दिवस गंज! याला जपणूक नव्हे, नजरकैद म्हणतात.

परवा दार तासायला सुताराचा पोरगा आला. पटाशी उसनी, संध्याकाळी परत करायची. माझ्या पेटीत तीन निजलेल्या! वडिलांच्या पटाशीची मूठ गुळगुळीत झालीय ती त्यांच्या वापरानं, माझ्या जपण्यानं नव्हे. तीच धार लावून त्याला दिली. तुम्हीही द्या. भंगारवाला पोलादाचं नुसतं वजन करतो. कारागीर त्यावर घर चालवतो.

“आणि हातोड्या?” हिनं विचारलं.

“असू देत गं. लागतील कधीतरी!”